घाटावरचं घर उभं आहे

बुलडाणा
१२ नोव्हेंबर १९६८

प्रिय हिंमत,

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळं बरं आहे. आई खुटखुटीत आहे, माझी शाळा चालू आहे, आणि मी लग्न केलेलं नाही हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. बातमी वेगळीच आहे. तू काढलेलं घर मी बांधलं. मे महिन्यापासून आम्ही दोघी त्यात राहतो.

कुठलं घर, असं विचारशील. राजूर घाटाच्या तोंडाशी मामांचा तो उभा उतार होता ना, शेळीसुद्धा जिथे तिरकी चालते, तिथलं. तू मुंबईला घरांचे नकाशे काढायला शिकत होतास आणि सुटीत आलास की आपण तिथे जाऊन बसायचो. एका संध्याकाळी माझ्या वहीच्या मागच्या पानांवर तू ते मापांसकट काढलंस. डोंगरात रोवलेली मागची भिंत, पुढे दोन खांब, वर एक सपाट स्लॅब, आणि दरीच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच खिडकी. कौलं नाहीत, कमान नाही, गिलावासुद्धा नाही. "जे लागत नाही ते ठेवलंच नाही," म्हणालास. त्याच संध्याकाळी तू मला मुंबईला चल म्हणालास आणि मी नाही म्हणाले. बाबा नुकतेच गेले होते, आईला एकटं सोडणं मला जमणार नव्हतं. तुझ्या प्रश्नात मुंबई नसती तर माझं उत्तर वेगळं असतं. ते तू विचारलं नाहीस, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

मागल्या वर्षी मामांनी ती जागा मला देऊन टाकली, कारण तिथे काही उगवत नव्हतं. सिमेंटच्या परवान्यासाठी कचेरीत अकरा खेपा घातल्या. निवृत्त ओव्हरसियर रंगरावांनी सळ्या कुठे किती घालायच्या ते बसवून दिलं. मिस्त्री मिळाला अब्दुल गनी, धरणावर काँक्रीटचं काम केलेला. त्याने वही बराच वेळ निरखली आणि म्हणाला, "बाई, काढनारा हुशार हाय. पन डोंगराचं पानी त्यानं पाह्यलंच नाही. पावसाळ्यात ते मांगून भितीले ढकलन. त्याले जाले वाट कुठं हाय?" मला तुझ्या वतीने राग आला. नकाशात आहे तसंच कर, म्हणून मी त्याला बजावलं. हट्ट सगळा माझा.

मार्चमध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि अर्धी उभी राहिलेली मागची भिंत चार बोटं पुढे कलली. मधोमध तडा. मी तिथेच गिट्टीच्या ढिगावर बसून रडले. गनीभाईंनी मला एका शब्दाने टोचलं नाही. "पाडू अन् पुन्हा बांधू," एवढंच म्हणाले, आणि घण उचलला. नवीन भिंतीमागे गिट्टी भरली, तळाशी नाली काढली, भिंतीत पाणी सुटायला ओळीने भोकं ठेवली. बाकी सगळं तुझंच, एक रेघ हलवली नाही. साच्याच्या फळ्यांचे वळसुद्धा काँक्रीटवर जसेच्या तसे उमटलेत.

लोक हसले. शेजारच्या केसरबाईंनी तर तोंडावर विचारलं, "मास्तरीनबाई, हे घर हाय का रस्त्याखालची मोरी?" जुलैत सलग तीन दिवस पाऊस कोसळला, घाटात दरड आली, एसट्या बंद पडल्या. मी छत्री घेऊन घरामागे उभी राहिले. भोकांतून गढूळ पाण्याच्या धारा सुटल्या होत्या आणि घर जागचं हललं नव्हतं. आत आई दुपारची ढाराढूर झोपली होती. आता केसरबाई रोज येतात आणि त्या खिडकीशी बसून घाट चढणाऱ्या गाड्या मोजतात.

तुझा मित्र मोतीराम गेल्या आठवड्यात घर पाहायला आला होता. त्याच्याकडून कळलं, तू काढलेल्या एका दुकानाचा सज्जा पडला, सळ्या चुकीच्या अंगाला घातल्या गेल्या होत्या, आणि एका गवंड्याचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून तू पेन्सिल टाकलीस आणि दोन वर्षं मलकापुरात, भावाच्या कापसाच्या दुकानात बसतोस. इतक्या जवळ, आणि मला पत्ता नाही! हिंमत, त्या माणसाचा पाय तू विसरणार नाहीस, विसरूही नयेस. पण म्हणून हात बांधून बसू नकोस. आमच्या शाळेत खेड्यांतून बावीस मुली पायी येतात. त्यांच्या वसतिगृहासाठी शाळेला माझ्या घराखालचा उतार मिळालाय. समितीने विचारलं, हे घर कुणी काढलं? मी तुझं नाव सांगितलं. सज्ज्याचंही सांगितलं, लपवलं नाही. गनीभाई तिथेच होते. म्हणाले, "त्यालेच बोलवा. पानी मी दाखवतो, बाकी तो काढन." रविवारी, चोवीस तारखेला अकरा वाजता सभा आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने ये. जेवण आमच्याकडे. तू येतोस, असं मी समितीला सांगून टाकलंय.

तुझीच,
विमल