अशोकचं नाव वर येतं

३ फेब्रु., सोम.
पुराच्या फलकाची मीटिंग. चावडीसमोर काळा ग्रॅनाइट बसवायचा, महापुरात ज्यांनी लोकांना बाहेर काढलं त्यांची नावं कोरायची. कुणाचं आधी, कुणाचं मागनं यावरनं नुसता गोंधळ. शेवटी सरपंच म्हणाले, "अकारविल्हे लावा. कटकट मिटली." सगळे हो म्हणाले. माझे सासरे आबापण. लॅपटॉप माझा, त्यात मी शाळेतली बाई, म्हणजे यादी माझ्याच गळ्यात.
घरी येऊन टाइप केली. सगळी सिलेक्ट, ए-झेडचं बटन. लागली की लगेच. सगळ्यात वर: कांबळे अशोक. आबा, म्हणजे जाधव आनंदराव, पार मधे.
सासरे शेजारी खुर्ची ओढून बसलेले. म्हणाले, "आडनावानं नगं. नावानं लाव. गावात आडनावानं कोण हाक मारतंय?"

४ फेब्रु.
आज नावं पुढं, आडनावं मागं. बटन दाबलं. पुन्हा अशोक. अशोकचा अ, आनंदरावांचा आ. आबा दुसरे.
"परत दाब."
दाबलं. तेच.
"मशिनीला म्हातारी माणसं कळत न्हाईत व्हय?"
हसू आलं होतं, गिळलं. संजय मोबाइलमधनं मान वर काढेना. वडलांसमोर माझ्या नवऱ्याचं तोंड कधी उघडलंय.

६ फेब्रु.
शाळेत लक्ष नव्हतं. पोरांची हजेरी दोनदा घेतली.
ते पाणी आठवत राहिलं. होडी मिळेना, म्हणून आबांनी गुऱ्हाळावरची गूळ कढवायची काईल काढून दिली. दोर बांधला. अशोक त्यात उभा राहून बांबूनं ढकलत यायचा. माझी परी तेव्हा सहा महिन्यांची. त्यानं तिला माझ्या हातनं घेतली आणि म्हणाला, "वैनी, मधी बसा, हलू नका." तेवढंच बोलणं. आम्हाला सोडून परत गेला. त्याच फेरीला काईल उलटली. दुसऱ्या दिवशी सापडला.
त्याच्या नावाखाली आमचं नाव आलं तर एवढं काय…

७ फेब्रु.
आबा आज गोड बोलत होते. चहा घेतला, म्हणाले, "अशोकच्या म्होरं कै. लाव. गेलेला माणूस हाय. मान द्याय नगो?"
मलाही पटलं. लावलं. बटन दाबलं.
अशोक गेला की खाली! कै.चा क. वर आनंदराव.
आबा म्हणाले, "आता कसं बरोबर बसलं."
मान नव्हता तो. कंट्रोल झेड केलं, अशोक परत वर, त्यांच्या देखत. पाटावरनं उठावं तसे उठले. जेवले नाहीत. संजय म्हणतो, "दगडच हाय. कशाला घरात आग लावतीस?"
मी म्हटलं, दगडच आहे तर त्यांना सांग की.
तो मोबाइल घेऊन बाहेर गेला.

८ फेब्रु., शनि.
शाळा सुटल्यावर बौद्धवाड्यात रंजनाकडं. अशोकची बायको, अंगणवाडीत मदतनीस आहे. सगळं सांगायचा धीर नव्हता. एवढंच विचारलं, नावापुढं कै. लावू का?
"आमच्यात कै. न्हाई लावत, वैनी. कालकथित म्हणत्यात."
माझ्या डोक्यात लगेच: कालकथितचा पण कच. लाज वाटली.
ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "कुठं जातंय त्येचं नाव? खाली?"
तिला कुणी सांगितलं? की सांगायला लागतच नाही?
"काय बी लावू नका. अशोक कांबळे, एवढंच. जिवंत असताना जसं हुतं तसं."

९ फेब्रु.
तिच्या म्हणण्यासारखी केली. कुणालाच श्री. नाही, कुणाला काही नाही. एकदा बटन दाबलं, पीडीएफ केली, कोल्हापूरच्या दगडवाल्याला पाठवली. आबांना सांगितलं, पाठवली. त्यांनी विचारलंही नाही कशी. त्याचीच भीती वाटली.

१० फेब्रु., सोम.
दगडवाल्याचा फोन. "मॅडम, फायली दोन आल्यात की. एकीत अशोक वर, दुसरीत आनंदराव. कुठली लावू मशिनीवर?"
दुसरी संजयच्या नंबरवरनं.
म्हटलं, थांबा, सांगते.
संजयला विचारलं. खाली बघून म्हणाला, "आबा रडत हुते गं." माझा विश्वास बसेना. गोठ्याकडं गेले. आबा म्हशीला वैरण टाकत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले,
"जातीचं न्हाई, पोरी. थोडं आसंल, खोटं कशाला बोलू. पर त्या दिवशी काईलीचा दोर माज्या हातात हुता."
हातातली वैरण त्यांनी खाली ठेवली.
"सुटला. हात भिजल्यालं. कुणाला म्हायती न्हाई. आता रोज चावडीवर जाताना पयलं त्येचंच नाव वाचायचं व्हय मी?"
हे खरं, की मला गप्प करायला? चेहऱ्यावरनं कळेना. खरं असेल तर रंजनाला कोण सांगणार? आणि खरं असलं म्हणून त्याचं नाव खाली जायचं?
घरात आले. संजय दारातच उभा, माझ्या हातातल्या फोनकडं बघतोय.
दगडवाल्याचा परत फोन येतोय.