ओढ्यावरची राखण

जळकोट, बुधवार

आदरणीय समीक्षाताईस संघपालचा जय भीम. दाजींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही इकडे बरे आहोत (आई जेवते, मीही जेवतो). फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलताना आई शेजारी बसलेली असते आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

रविवारी तू आईला नांदेडला न्यायला येणार आहेस. थोडं थांब. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडतंय आणि मासे ओढ्यात चढलेत. ते अंडी घालून परत उतरेपर्यंत दादा रोज संध्याकाळी ओढ्यावरच्या फरशी पुलावर उभे राहायचे, कुणाला जाळं लावू द्यायचे नाहीत. यंदा दादा नाहीत, म्हणून नवऱ्यामागे आई राखण करते. ती अर्ध्यावर सोडून येणार नाही.

काल मीही गेलो. बुडालेल्या गवतात मासे एकमेकांना घासत होते, पाठी पाण्याबाहेर. मादी थरथरली की नर दोन्ही बाजूंनी चिकटायचे आणि पाणी दुधाळ व्हायचं. मला बघून एकही हलला नाही. सगळ्यांची तोंडं पलीकडच्या उंच पाणकणसांच्या बेटाकडे (मासा प्रवाहाकडे तोंड करतो, असं मी मनाला सांगितलं, पण प्रवाह त्या बाजूनं येत नव्हता).

तेवढ्यात दगडोबाकाका जाळं घेऊन आले. "संघपाल, दादा गेले. आता तरी लावू दे की बाबा. माशाला काय सुतक हाय का?" मला भांडता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, "बघा बुवा." त्यांनी जाळं सोडलं, तशी पाणकणसांतून कुणीतरी घसा खाकरला, अगदी दादांसारखा. "दगड्या! बाळंतिणीच्या खोलीत घुसतोस का रे? शरम न्हाई?"

दगडोबाकाका एसटीमागेसुद्धा पळत नाहीत. ते जाळं टाकून पळाले. "काका, भूतबित काही नसतं," असं मी त्यांना समजावत होतो (मी त्यांच्या पुढे होतो, त्यामुळे मागे वळून सांगावं लागलं). त्यात शेवाळावर घसरलो आणि थेट ओढ्यात बसलो. मासे तरी बुजले नाहीत. त्यांची थंडगार पोटं माझ्या पोटऱ्यांना घासून जात राहिली. बराच वेळ मला उठावंसं वाटलं नाही.

आवाज आईचाच होता. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं खाकरणं बायकोला येणारच. तेव्हा ताई, तिला मध्येच हलवू नये.

तुझा भाऊ,
संघपाल

ता. क. आईला विचारलं. काल त्या वेळी ती विहारात होती. वर्षावासाचं वाचन तिनंच केलं. सरजाबाई शेजारी बसली होती, तीही तेच सांगते.

आणखी एक. आई ओढ्यावर एकदाही गेलेली नाही, तिच्या राखणीचं वर मीच रचून लिहिलं. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे, रोज विचारते, समीक्षा कधी येते. मीच काहीबाही सांगून अडवतोय. तू रविवारी येच, पण आधी माझ्याबरोबर फरशीवर उभी राहा. दादांचा आवाज तुलाही आला, तर आईला खुशाल ने, मला दादांची सोबत आहे असं समजेन. नाही आला, तर तिला थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे.