बाहेरची कडी

१२ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल. मी बरी आहे, फक्त कामानं पिट्टा पाडलाय.

आमची कंपनी दाराला उंचावर लावायची एक कडी बाजारात आणतेय, लहान मुलं घराबाहेर पळू नयेत म्हणून. ती किती खपेल याचा अंदाज मी बांधायचा. लोक इंटरनेटवर महिन्याभरात काय शोधतात ते आकडे घ्यायचे, नुसती चौकशी करणारे वगळायचे, उरतील ती गिऱ्हाइकं. पण मुलांसाठी शोधणारे कमीच निघाले. ‘आई सारखी बाहेर जाते’, ‘वडिलांच्या खोलीला बाहेरून कडी’, असलेच शोध जास्त. साहेब खूश. म्हणाले, "अहो, बाजार दुप्पट झाला की!"

या आकड्यांत नावं नसतात, फक्त शहरं असतात. तुमच्या शहराचा आकडा बघितला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. मी सकाळी फोन करू दे नाहीतर संध्याकाळी, तू म्हणतोस, "आई झोपलीय." इतकी कुठे झोपायची रे ती?

म्हणून मंगळवारी न सांगता येऊन गेले. तुम्ही दोघं कामावर होतात. शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी किल्ली दिली, पण माझ्या नजरेला नजर देईनात.

आईच्या खोलीला बाहेरून कडी. नवी कोरी.

उघडली. आई खिडकीशी केस विंचरत बसली होती. मला बघून म्हणाली, "किती वाळलीस गं!" मी म्हटलं, "चल, माझ्याकडे चल." तर म्हणे, "नको. मागे मी बाहेर पडले आणि घरच सापडेना. रस्त्यात बसकण मारली. दादानं शोधून आणलं. लहान मुलासारखा रडला तो." मग म्हणाली, "जाताना कडी लाव हं. नीट लाव."

हे तिला मनापासून वाटतं की तू पढवलंयस, मला अजून कळत नाही. तू माझ्यापासून लपवलंस, म्हणून शंका जात नाही.

तुझ्याशी कडाकडा भांडायचं ठरवून आले होते. पण तुझी वाट बघत थांबले नाही. आईला जवळ घेतलं, बाहेर आले आणि कडी लावली. जिना उतरायच्या आत ती दार बडवायला लागली. "कोण आहे? उघडा!" मी आले होते हेच विसरली होती. मी मागे फिरले नाही, दादा.

रविवारी येते, राहायच्या तयारीनं. मला काही समजावू नकोस. तिला समोर बसवून पुढचं ठरवू.

कडी लावून निघून आलेली,
तुझीच धाकटी