मारुतीच्या गळ्यातल्या अळ्या

२८ जुलै, सोम.
सोनाळ्याहून निघाले आणि स्कूटी पंक्चर. उशीर. चौथीची मुलं तोवर 'बाहेरच्या वर्गात' जाऊन बसलेली, म्हणजे शाळेमागे कुंपण घालून आम्ही मुद्दाम वाढू दिलेल्या रानात. मोठ्या रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या. मुलं दोऱ्याने लांबी घेतात, मग पट्टीवर मोजतात. वैष्णवीने एक अळी स्वतःची ठरवली आहे. 'मॅडम, हिचं फुलपाखरू मीच पह्यलं पाहीन ना?' हो म्हटलं.

२ ऑगस्ट, शनि.
श्रावणी शनिवार माझ्या डोक्यातच नाही. सकाळच्या शाळेला आले तर मोठी रुई खराटा. गुरवबाबांनी पहाटे अंधारातच पानं नेली, मारुतीच्या माळेसाठी. दरवर्षी इथूनच नेतात म्हणे. डोकं सणकलं. मुलांना घेऊन तडक देवळात.
माळ मारुतीच्या गळ्यात आणि अळ्या माळेवर, मजेत पानं खात. आता बोला! मुलं टाळ्या पिटतायत, बाहेर माणसं तेलाच्या वाट्या घेऊन रांगेत. अंगावर तेल पडलं की अळ्या संपल्याच.
बाबांना म्हटलं, माळ उतरवा.
'चढवलेली माळ शनवारी उतरवू कसा, मॅडम? गाव मले काय म्हणन?'
मग बांधावरची रुई का नाही तोडत?
'तिथं कपाशीचा फवारा उडते. देवाले जहर वाहू का?'
मी मुलांना बाजूला घेतलं.
वैष्णवी मात्र उंबऱ्याशी उभी राहिली. येईल त्याला एकच, 'काका, तेल पायावर सोडा, वरतं आमच्या अळ्या हायेत.' बहुतेकांनी ऐकलं. एका आजोबांचा नवस होता. त्यांनी डोक्यावरूनच सोडलं.

४ ऑगस्ट, सोम.
उतरवलेली माळ नदीत सोडायची असते. बाबा ती शाळेत घेऊन आले. जिवंत होत्या तेवढ्या अळ्या भिंतीकडच्या धाकट्या रुईवर सोडल्या. वैष्णवीची कोणती, ओळखू येईना. 'राहू द्या. आता साऱ्याच माह्या.'
जाताना बाबा म्हणाले, 'येत्या शनवारी पानं कुठून आणू, तेवढं सांगा.'

८ ऑगस्ट, शुक्र.
दोन कोष लटकलेत. बाकीच्या अजून खातायत, अधाशी मेल्या.
मधल्या सुट्टीत वैष्णवी आली. उद्याची माळ त्यांच्या घरची. 'आजी म्हणे, शाळेतलीच पानं आण. बापू लई दिवसाचे खाटेवर हायेत ना.' धाकटी रुई ती केवढीशी. माळ केली तर तीही खराटा.
बाप आजारी असलेल्या पोरीला अळ्या समजावणारी मी कोण? आणि नाही समजावलं तर वर्षभर त्या कोपऱ्यात काय शिकवलं? फार वाईट वाटतंय.
उद्या राखीपौर्णिमा, शाळा बंद. तिने फाटकाची चावी मागितली. दिली. किती तोडायचं, कुठलं तोडायचं, काही बोलले नाही.