गल्लीतला शेवटचा खडक

मंगळवार, संध्याकाळ

खडक वाचला! आम्ही इथे आलो तेव्हा घरामागे नुसते खडकच होते. ते फोडत फोडत हैदराबाद इथवर आलं. हा एकच उरला. आज बिल्डरची माणसं तोही फोडायला आली, तेव्हा मी त्याला टेकून खुर्ची टाकली.

मुकादम म्हणाला, "अम्मा, उठो ना, धूप है."

"है तो छत्री लाओ!"

सगळी गल्ली जमली. शेवटी बिल्डरचा इंजिनिअर नव्या इमारतीची भिंत मागे घ्यायला कबूल झाला.

शहर वाढायला नको आहे का मला? हवंच आहे. पण त्याने वळसा घालायला शिकावं.

तोंडी शब्दावर मी विसंबत नाही, उद्याही बसणार. दुपारी माझ्यावर ओरडणारे हे आत्ता जेवताना म्हणाले, "चहाचा थर्मास मोठा घे. मीही येतो."