भिंतीला ऐकू येत नाही

मेक्सिको शहर,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९७४

प्रिय तेंचा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि दोन दिवस ते साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलं. घाबरले म्हण हवं तर. एवढ्या वर्षांनी बहिणीचं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं असणार. मग लक्षात आलं, आपल्या घरात जायला आता तू आणि मीच उरलोय, आणि पत्र तर तूच लिहिलंयस.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जिना चढवत नाही. तुझ्याकडे कॉफीची तोडणी सुरू झाली असेल आणि ती कोआतेपेकची चिकट रिपरिपही. मृतांच्या दिवशी मीही आईचा फोटो मांडला. झेंडू वाहिला, तिच्या आवडीचं दालचिनीचं चॉकलेट ठेवलं. पाव मात्र विकतचा. तुझ्यासारखा मला कधी जमलाच नाही.

शेजारच्यांचा नंबर पाठवलास, फोन कर म्हणालीस. फोन नको गं. पत्रच बरं.

तुझ्या घरी टीव्ही आला हे वाचून मात्र मी एकटीच हसले. ज्या बाईने माझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, ती रोज संध्याकाळी जपमाळ बाजूला ठेवून मालिकेत मला बघते! बाबा असते तर दोघींनाही घराबाहेर काढलं असतं.

तू विचारलंस, एवढी दुष्ट बाई रोज करताना जीव विटत नाही का. विटतो. माझ्या या लेओकादियाने नवऱ्याला विष घातलं, दिराला विहिरीत ढकललं आणि त्याच विहिरीवर त्याच्यासाठी रोज मेणबत्ती लावते. ती मेणबत्ती खोटी नाही बरं का, तिला खरंच रडू येतं. आणि ज्या आंधळ्या ब्लांकासाठी तू हळहळतेस, त्या भाचीला विहिरीत काय आहे ते पहिल्यापासून माहीत आहे. वाडा आपल्या नावावर होईपर्यंत ती तोंड उघडत नाही, एवढंच. त्या घरात धुतल्या तांदळासारखं कुणी नाही. पण शिव्या मला. कोपऱ्यावर मक्याचे गरम तामाले विकणारी बाई मला तोंडावर म्हणायची, "तुला देणार नाही. आंधळ्या पोरीला उपाशी ठेवतेस, तूही राहा उपाशी." मी पुढच्या गल्लीत जाऊन खायचे.

परवा तिनेच हात करून बोलावलं, बसवलं. मक्याच्या गरम आतोलेचा पेला हातात दिला, पैसे घेतले नाहीत आणि शालीच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "माणूस चुकतं हो बाई. पण कबूल कोण करतं?"

आता मालिकेतल्या त्या माफीच्या प्रसंगाबद्दल लिहायला हवं. चार पानं इकडच्या तिकडच्या गप्पा मारून मी तो टाळू शकते, पण कंटाळा आलाय टाळण्याचा.

तू लिहिलंस, "ऐकलं मी. लेओकादिया भाचीला 'तू' म्हणते, 'गं' म्हणते, 'कारटे' म्हणते. पण भिंतीपाशी तू म्हणालीस, 'माफ करा मला.' 'कर' नाही, 'करा'. जगात अहो-जाहो तू फक्त मलाच केलंस, बाबांच्या धाकाने. मला कळलं कुणाला म्हणालीस ते. तुला माफ केलं, कुका. नाताळला घरी ये."

हे वाचून मी आधी चिडले, तेंचा. खरं सांगते, फार चिडले. माफ केलं? तू? मला? आई गेली तेव्हा तार करायची सोडून साध्या टपालाने पत्र टाकणारी तू! पत्र पोचलं तेव्हा तिच्यावर माती पडून गेली होती. मी फाटकाशी उभी, आणि तू आतून ओरडतेस, "नाटक संपलं का तुझं?" तेव्हाच मी तुला पहिल्यांदा 'तू' म्हणाले होते, आठवतं? 'तू माणूस नाहीस.' तुझ्या मते मी दोन वर्षं आईला एक ओळ लिहिली नव्हती, मग तार कशाला करायची. असेल. तेही खरं असेल. पण माफी कुणी मागायची, याबद्दल माझ्या मनात आजवर कधी शंका नव्हती.

आणि ती मागितली कशी गेली, ते ऐक.

मला ऐकू येत नाही. झालं, लिहिलं एकदाचं. डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला, उजवा या पावसाळ्यात. आता खिडकीखालून बस जाते ती मला काचेच्या थरथरीने कळते. आमच्याकडे पाठांतराला वेळच नसतो. प्रत्येकाच्या कानात एक छोटं यंत्र असतं, आम्ही त्याला वाटाणा म्हणतो, आणि प्रॉम्प्टर आतल्या खोलीतून सगळ्यांचीच वाक्यं त्यात सांगत राहतो. ऐकायचं आणि बोलायचं. माझ्या कानात वाटाणा होता आणि आत सामसूम. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुसरी लेओकादिया उभी केली असती.

मला वाचवलं ब्लांकाने. म्हणजे ते काम करणाऱ्या मारिसेलाने. पोरगी हुशार. कॅमेरा माझ्या तोंडावर आला की तिची त्याच्याकडे पाठ असते. माझं वाक्य तिच्याही कानात पडायचं, ते ती नुसत्या ओठांनी म्हणायची, मी वाचून मोठ्याने म्हणायचे. पडद्यावर मी तिला छळत होते, आणि छळायचे शब्द तीच मला पुरवत होती. "डोन्या कुका, आज कानाखाली मारायची आहे, जोरात मारा हं, नाहीतर परत घ्यायला लावतील," हेसुद्धा तीच सांगायची.

मग तिनेच जाऊन दिग्दर्शकाला, उरुतियाला, माझ्या कानांचं सांगितलं. त्याने सरळ विचारल्यावर तिला खोटं बोलता आलं नाही, की त्याने तिला काही कबूल केलं होतं, मला ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात ब्लांकाला दृष्टी येणार आहे आणि वाडाही मिळणार आहे, एवढं खरं. पण तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

तो प्रसंग तू पाहिलासच. मी ब्लांकाला भिंतीत चिणायला उभी. माझं वाक्य होतं, "ओरड, ब्लांका. या भिंतीला ऐकू येत नाही." मी तिच्या ओठांकडे बघतेय. ओठ थरथरत होते. मला वाटलं, अभिनय करतेय. मग ते हलले आणि मी नेहमीसारखं वाचून मोठ्याने म्हणाले, "माफ करा मला. माझा नाइलाज होता."

ती मला म्हणत होती, तेंचा. मारिसेला मला म्हणत होती. म्हणून 'करा'. आणि मी ते लेओकादियाच्या तोंडून तिलाच परत केलं. ती ढसाढसा रडली. कुणी थांबवलं नाही. प्रसंग संपल्यावर उरुतिया माझे हात धरून नाचायचा बाकी होता. त्याने मुद्दाम तोंड माझ्या समोर आणून म्हटलं, "डोन्या कुका, अख्खा देश रडणार!" रडलाही. पोत्याने पत्रं आली. आठ दिवसांनी तो परत आला, नजर चुकवत. "आता तुम्ही चांगल्या झालात. चांगल्या बाईचं मी काय करू?" लेओकादिया आगीत जाणार आहे, ब्लांकाला वाचवताना. वाईट बाईला रोज काम असतं. पश्चात्ताप झालेल्या बाईला एकदाच, मरायचं.

मारिसेलावर मी रागावलेली नाही. काल तिने माझ्यासाठी सूप आणलं होतं. आम्ही दोघी जेवलो. ती काय बोलत होती ते मी बघितलं नाही, ताटाकडेच बघत होते.

तर असं आहे. ज्या माफीवर तू मला माफ केलंस, ती माझी नव्हती आणि तुला नव्हती. हे न लिहिता गुपचूप नाताळला येऊन तुझ्या हातचा पाव खाता आला असता. बुधवारी तेच ठरवलं होतं. पण मग जेवताना तू माझ्याकडे मोठ्या मनाने बघितलं असतंस आणि तिसऱ्या घासाला माझं टाळकं फिरलं असतं. मला ओळखतेस तू.

चूक कुणाची होती, तार की पत्र, हे सगळं मला आता खरंच झेपत नाही गं. एवढी वर्षं बरोबर असून मला काय मिळालं? विकतचा पाव. नाताळच्या आधीच्या शनिवारच्या बसने मी येतेय. हे वाचून दार बंद ठेवावंसं वाटलं तर ठेव, घर तुझं आहे. फक्त मागच्यासारखं आतून ओरडू नकोस. मला कळणारच नाही, आणि मी खुळ्यासारखी पावसात उभी राहीन. फाटकापाशी ये. उजेडात उभी राहा, तोंड माझ्याकडे कर आणि काय ते सांग.

सावकाश सांग. समोरच्याच्या ओठांवर दिसेल ते म्हणून टाकायची मला सवय लागली आहे. तू जे म्हणशील, तेच माझ्याही तोंडून निघेल.

तुमची धाकटी,
कुका