तरसासाठी निवडलेली जागा

अब्बा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या तरसाचा विषय मी कुणाजवळ काढलेला नाही. आज तुमच्याजवळच काढतो. दुकानांत सौदीच हवेत अशा सौदीकरणाच्या नियमात जेद्दाच्या शराफियातलं मोबाइलचं दुकान गेलं, म्हणजे दुकान तिथंच राहिलं, आम्ही गेलो, आणि दुसरा कफील, व्हिसा देणारा मालक, मिळेपर्यंत मी ताइफच्या वरच्या डोंगरात तुमच्याकडे राहायला आलो, तेव्हाची ही गोष्ट. त्या डाळिंबाच्या बागेतले पंप तुम्ही सांभाळायचात. माझी तिशी उलटलेली, हाताला काम नाही. तुम्ही रोज भात टाकायचात, सुके बोंबील भाजायचात आणि नोकरीचं काय झालं म्हणून एका शब्दानंही विचारायचा नाहीत.

त्या दिवसांत तुमच्या कफिलाच्या बकऱ्या कुठलं तरी जनावर मारून नेत होतं. सकाळी तो गाडीतून उतरला तो थेट तुमच्यासमोर. "तुझा बाप शिकारी होता म्हणालास ना? मग जागा तू शोध. आमिषाला मेलेली बकरी मी देतो, बंदूक माझी." गावी आजोबांबरोबर तुम्ही बिबट्यासाठी झाडावर बसला होतात, हे कधीतरी चहा पिताना तुम्हीच त्याला सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात. तुमचे डोळे चमकले होते अब्बा, मी पाहिलं.

आपण दोघं चालत निघालो. तुम्ही चिमटीतून माती सोडून वारा बघता, दोन पावलं जाता, पुन्हा सोडता. "विहिरीजवळ नको, पाणी नासेल. पायवाटेवर नको, माणसं जातात. मागं उंच दगड हवा, गोळी चुकली तर तिथंच अडेल. आणि जनावर आधीपासून जिथून ये-जा करतंय तिथंच ठेवायचं. त्याला वाकडी वाट करायला लावायची नाही." अरअरच्या झाडांखाली तुम्हाला पावलांचे ठसे सापडले, पुढचे मोठे, मागचे लहान. "तरस," तुम्ही म्हणालात. ठसे ओढ्याच्या कडेनं वर गेले होते आणि एका सपाट जागी संपले होते. तिथलं गवत दाबलं गेलं होतं. तुम्ही खाली बसलात, हात लावून पाहिलंत. "इथं येऊन बसतंय हे. रोज बसतंय. पण कशासाठी?" मग तुम्ही समोर पाहिलंत. समोर, ओढ्याच्या पलीकडे, कपारीच्या तोंडाशी एक निळी घोंगडी होती, आणि ती हलली.

तो बंगाली होता. दुसऱ्या कुणाच्या तरी मेंढ्या राखायचा. मालकानं पगार अडवला म्हणून निघाला, तर मालकानं त्याच्यावर हुरूब लावलं, पळून गेल्याची नोंद. पाय सुजून काळा-निळा पडलेला, अंगात ताप. "भाई, पुलिस को मत बोलना. मेरा भाई जेद्दा से गाड़ी लेकर आ रहा है." तुम्ही त्याला पाणी पाजलंत. परत येताना वाटेत एकदाच बोललात, तेही माझ्याशी नव्हे. "त्या जनावराला कळलं कसं?"

संध्याकाळी कफील स्वतः आला आणि नेमका त्या कपारीखालचा ओढा दाखवायला लागला. "ही जागा बघ, मागं दगड, समोर मोकळं." खरंच तिच्यासारखी जागा सबंध डोंगरात नव्हती. तुम्ही मान हलवलीत. "इथं वारा गोल फिरतो. आपला वास त्याला जाईल, येणार नाही." तुमच्या तोंडून खोटं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. किती सहज बोललात! त्यानं विश्वास ठेवला, आणि तुम्ही त्याला बागेच्या पार दुसऱ्या टोकाला नेलंत. बंदूक तिकडं राहील, बकरीचा वास सुटला की तरसही तिकडंच ओढलं जाईल, आणि गाडी येईपर्यंत माणूस वाचेल, हा तुमचा हिशोब.

फजरच्या नमाजानंतर तुम्ही कफिलाशेजारी दगडाआड बसला होतात आणि मी कपारीत त्या बंगाल्याजवळ. समोरची सपाट जागा रिकामी होती. उजाडता उजाडता लांबून बंदुकीचा एकच आवाज आला. तो दचकला, माझा हात धरला. "मर गया?" मी म्हटलं, "तुम तो ज़िंदा हो." दुपारी त्याचा भाऊ आला. आपण दोघांनी त्याला घोंगडीत उचलून खाली आणलं. कफील तेव्हा तरसाला हमरस्त्यावरच्या पाटीला टांगण्यात गुंतला होता. पुढं बेकायदा राहिलेल्यांना शिक्षेविना परत जायची मोहलत निघाली तेव्हा तो माणूस आपल्या देशी सुखरूप पोचला. त्याचा फोन आला, तो फोनवर रडला. तुम्ही फक्त "अच्छा, अच्छा" म्हणत राहिलात.

कारण त्याआधी तुम्ही त्या तरसाचं तोंड उघडून पाहिलं होतं. म्हातारी मादी होती ती. दात झिजून खुंट राहिलेले. "या दातांनी बकरी मरत नाही," तुम्ही मला खोलीत येऊन सांगितलंत, आणि जेवला नाहीत. बकऱ्या पुढंही जात राहिल्या. मोकाट कुत्री होती ती. "ते नुसतं वाट बघत होतं रे. मी त्याच्या तोंडासमोरून माणूस काढला आणि वर त्यालाच बोलावून मारलं." मी म्हटलं, "अब्बा, माणूस वाचला." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर."

मग पुरेसे सौदी कामावर नाहीत म्हणून कफिलाचा धंदा सरकारच्या लाल पट्ट्यात गेला, तुमचा इकामा, राहण्याचा परवाना, नवा होईना, आणि तुम्ही गावी परतलात. आजारी पडलात तेव्हा कुणालाही खोलीतून हलू द्यायचा नाहीत. अम्मी पाणी आणायला उठली तरी हाक मारायचात. ती मला म्हणायची, "सगळं आयुष्य डोंगरात एकट्यानं काढलं, आणि आता यांना एकटं राहायची भीती वाटते." मी तिला काही सांगितलं नाही, आजही सांगितलेलं नाही. मी रजा वाढवून घेतली आणि तुमच्या उशाशी बसून राहिलो. सगळे म्हणतात, मुलानं बापाचं खूप केलं.

हे कुठं पाठवायचं, आणि पाठवून तरी काय. पण एवढं तुम्हाला माहीत असावं. त्या शेवटच्या दुपारी तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पाणी हवं होतं की काही सांगायचं होतं, मला कळलं नाही. मी तुमच्याकडे पाहतच नव्हतो अब्बा. माझी नजर उघड्या दारातून अंगणापलीकडे होती, तिथलं गवत कुठं दाबलं गेलंय का ते शोधत.